तिसऱ्या शहराची जागा

टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीने चाली खेळायच्या स्ट्रॅटेजी खेळांमध्ये विस्ताराची योजना एकट्याने बदलणे आणि टीममध्ये बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एका डावातल्या साधारण दहा टर्ननी शिकवले. डाव संपून बराच काळ झाला आहे, पण ते दहा टर्न मला आजही टाइलसकट (टाइल म्हणजे नकाशावरचे एक घर) आठवतात, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवत आहे.

खेळ होता सिव्हिलायझेशन ४, शहरे वसवून राष्ट्र वाढवण्याचा संगणकावरचा खेळ. तो २००५ साली आला आणि त्याचा ‘बियाँड द स्वोर्ड’ हा पुरवणी संच २००७ साली. त्यातला पिटबॉस हा प्रकार ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डाव एका सर्व्हरवर अखंड चालू असतो, प्रत्येक टर्नला ठरावीक मुदत असते (आमच्या डावात २४ तास), आणि त्या मुदतीत ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने लॉग-इन करून आपल्या चाली खेळायच्या असतात. आम्ही चौघे मिळून एकच राष्ट्र चालवत होतो. प्रत्यक्ष टर्न खेळण्याचे काम माझ्याकडे होते. नकाशा आखणे आणि वर्करांचे (रस्ते, शेते, खाणी बांधणाऱ्या कामगारांचे) वेळापत्रक बांधणे एका मित्राकडे होते, शेजाऱ्यांच्या गुणांवर बारीक नजर ठेवण्याचे काम एका मैत्रिणीने घेतले होते, आणि संशोधनाचा क्रम व सैन्य ही चौथ्याची जबाबदारी होती. चर्चा लिहून होत असे, कारण चौघेही एकाच वेळी जागे असतील असा दिवस क्वचितच उगवत असे.

विस्ताराची योजना म्हणजे आमच्याकडे ठिपक्यांचा एक नकाशा होता. राजधानीभोवतीच्या प्रदेशाच्या स्क्रीनशॉटवर जिथे जिथे शहर वसवायचे तिथे एक रंगीत ठिपका आणि शेजारी क्रमांक. या खेळात दोन शहरांमध्ये किमान दोन टाइल मोकळ्या असाव्या लागतात, आणि प्रत्येक शहराला पूर्ण वाढलेल्या हद्दीत स्वतःच्या टाइलसह २१ टाइल वापरता येतात. त्यामुळे एक ठिपका एका घराने सरकवला की शेजारचे दोन ठिपके आपोआप चुकीचे ठरू शकतात. दुसरे शहर दक्षिणेला किनाऱ्यावर वसले होते. तिसरे पूर्वेला नदीकाठी वसणार होते आणि त्याचा ठिपका हिरवा होता. चौथ्यासाठी उत्तरेला डोंगरांच्या अलीकडे निळा ठिपका होता. या क्रमाबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, आणि बहुधा त्यामुळेच तो क्रम तसा का आहे हे कोणी विचारले नाही.

अडतिसाव्या टर्नला ब्राँझ वर्किंगचे संशोधन पूर्ण झाले आणि नकाशावर तांबे दिसू लागले. ते उत्तरेच्या एका टेकडीवर होते, राजधानीपासून सहा टाइल दूर आणि आमच्या एकाही ठिपक्याच्या हद्दीत न बसणारे. त्याच सुमारास मैत्रिणीने कळवले की उत्तरेच्या शेजाऱ्याचा लोकसंख्येचा गुण सात टर्न जागचा हललेला नाही. सेटलर (नवे शहर वसवणारे पथक) किंवा वर्कर बनत असताना शहरातले जास्तीचे अन्नही उत्पादनात जमा होते आणि शहर वाढत नाही. म्हणजे एवढा काळ थांबलेला गुण हा काहीतरी बनत असल्याचा पुरावा होता. वर्करला ६० हॅमर (उत्पादनाचे एकक) लागतात आणि सेटलरला १००. सात टर्न हा वर्करसाठी फार मोठा काळ आहे, तेव्हा हा सेटलरच असणार, असे तिने लिहिले. शेजाऱ्यालाही तांबे दिसत असेल का, हे आम्हाला ठाऊक नव्हते, पण दिसत असेल असे धरूनच चालणे भाग होते. तांबे किंवा लोखंड नसलेल्या राष्ट्राला ॲक्समन (कुऱ्हाडधारी सैनिक) बनवता येत नाहीत, आणि सुरुवातीच्या काळात शेजाऱ्याकडे ॲक्समन असून आपल्याकडे नसणे ही स्थिती किती वाईट असते हे आम्ही चौघेही जाणून होतो.

आमचा स्वतःचा सेटलर चव्वेचाळिसाव्या टर्नला तयार होणार होता. सैन्य पाहणाऱ्या मित्राने सरळ मागणी केली की तो उत्तरेला न्यावा. नकाशा आखणाऱ्या मित्राने तितक्याच सरळपणे नकार दिला, आणि त्याच्या नकारामागे ठोस हिशेब होता. आमचे दोन्ही वर्कर त्याच्या वेळापत्रकानुसार पूर्वेला गेले होते आणि हिरव्या ठिपक्याकडे रस्ता बांधत होते. एका टाइलच्या रस्त्याला दोन टर्न, अशा तीन टाइल, म्हणजे वर्करांचे सहा टर्न. शिवाय शहराची देखभाल दोन गोष्टींवर ठरते, एकूण शहरांची संख्या आणि राजधानीपासूनचे अंतर. तांब्याजवळचे शहर हिरव्यापेक्षा दुप्पट दूर होते आणि देखभाल निम्मी करणारे कोर्टहाउस त्या काळात फार पुढची गोष्ट होती. संशोधनाचा वेग मंदावेल, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खरेही होते.

दोन दिवस आमची चर्चा याच दोन बाजूंमध्ये फिरत राहिली. मी त्या वेळचे संदेश पुन्हा वाचले तेव्हा लक्षात आले की सगळेजण जागांबद्दल बोलत होते आणि प्रत्येकाचा आकडा आपापल्या जागी बरोबर होता. तांब्याची निकड आकड्यात मांडता येत नाही, रस्त्याचे सहा टर्न मात्र मांडता येतात, आणि अशा वादात ज्याच्याकडे आकडा असतो त्याचे पारडे विनाकारण जड होते.

कोंडी फुटली ती मैत्रिणीच्या एका साध्या प्रश्नामुळे. तिने विचारले, “अरे, हिरवा ठिपका मुळात तिसराच का? निळा किंवा दुसरा कोणताही का नाही?” नकाशा आखणाऱ्याने दिलेले उत्तर मी येथे माझ्या शब्दांत देतो. राजधानीच्या हद्दीत नदीकाठच्या गवताळ टाइलवर मका होता आणि त्यावर शेत आधीच तयार होते. शेत झालेली ती टाइल ६ अन्न देते. हिरवा ठिपका असा निवडला होता की नव्या शहराला पहिल्या टर्नपासून तोच मका वापरता यावा. नव्या शहराच्या मधल्या टाइलचे २ आणि मक्याचे ६ असे ८ अन्न, त्यातून एका नागरिकाच्या पोटाचे २ वजा जाता ६ शिल्लक. पहिल्या वाढीला २२ अन्न लागते, म्हणजे शहर चार टर्नमध्ये वाढते. साध्या गवताळ टाइलवर हीच शिल्लक २ आणि वाढीला अकरा टर्न. राजधानी तोपर्यंत नाखुशीच्या मर्यादेला (त्यापुढचे नागरिक नाखूश होऊन काम करत नाहीत) टेकलेली असेल, तिला आणखी वाढून उपयोग नसेल, तेव्हा तिचा मका धाकट्या शहराला द्यावा, हा विचार होता.

मला ही मांडणी अतिशय सुंदर वाटली आणि आजही वाटते. दोन शहरांच्या हद्दी एकमेकींवर आल्या की जागा वाया जाते असे अनेक खेळाडू मानतात. पण सुरुवातीच्या काळात जेव्हा कोणतेच शहर २१ टाइल वापरण्याइतके मोठे होऊ शकत नाही, तेव्हा तयार टाइल वाटून घेणे हा वर्करांचे श्रम वाचवण्याचा उत्तम मार्ग असतो. अडचण एवढीच होती की हा विचार नकाशावर कुठेच लिहिलेला नव्हता. नकाशावर हिरवा ठिपका आणि ३ हा आकडा होता.

कारण समोर आले आणि पुढच्या तासाभरात कोणालाही कोणाला पटवावे लागले नाही. ब्राँझ वर्किंगने तांबे दाखवले होते, तशीच गुलामगिरीची व्यवस्थाही उपलब्ध करून दिली होती, आणि ती स्वीकारायची हे आमचे आधीच ठरले होते. त्या व्यवस्थेत एक नागरिक खर्चून ३० हॅमर मिळतात. पण ही उलाढाल वारंवार करायची तर खर्चलेली लोकसंख्या लवकर भरून यावी लागते, आणि त्यासाठी राजधानीला मका स्वतःकडेच हवा होता. ज्या गृहीतकावर हिरवा ठिपका उभा होता, म्हणजे राजधानी तृप्त होऊन मका मोकळा होईल हे, तेच त्या संशोधनाने मोडले होते. योजना अडतिसाव्या टर्नलाच बदलली होती आणि आम्ही मात्र जुन्या ठिपक्याची बाजू घ्यावी की नवा काढावा यावर भांडत होतो. हे प्रथम ओळखले आणि लिहिले ते नकाशा आखणाऱ्यानेच, आणि त्याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

तोवर चव्वेचाळिसावा टर्न आला होता आणि मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. उत्तरेला जायचे हे बहुतेक ठरले होते, पण नेमकी टाइल ठरली नव्हती आणि चौथ्या गड्याचे उत्तर आले नव्हते. मी सेटलर राजधानीच्या ईशान्येला अशा टाइलवर नेला जिथून उत्तरेचा प्रवास एकाही टर्नने लांबत नव्हता आणि पूर्वेचा एकाच टर्नने लांबत होता. निर्णय अर्धवट असताना टर्न खेळणाऱ्याने कोणते पाऊल टाकावे, याचे मला सापडलेले हे सर्वांत उपयोगी उत्तर आहे. उभे राहणे हीसुद्धा एक चाल असते आणि बऱ्याचदा ती सर्वांत महाग पडते. दोन्ही वाटांवरची सामाईक टाइल शोधली तर सोबत्यांच्या हातून निर्णय काढून न घेता वेळ मिळतो.

टाइलचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. तांब्याच्या टेकडीच्या एक घर दक्षिणेला शहर वसवले असते तर तांबे पहिल्याच वर्तुळात, म्हणजे शहराला लागूनच्या टाइलमध्ये आले असते आणि तिथे खाण काढून कायमचे भरघोस उत्पादन मिळाले असते. थेट तांब्यावर वसवले तर ती खाण कायमची गमवावी लागणार होती, पण तांबे वसवल्या क्षणी त्या शहराला उपलब्ध होणार होते, वर्करची वाट न पाहता. वर्कर पूर्वेला होते. ते उत्तरेला पोहोचून खाण आणि रस्ता पूर्ण करेपर्यंत बरेच टर्न गेले असते, आणि तेवढ्यात शेजाऱ्याचा सेटलर येऊन ठेपला असता. टेकडीवरच्या शहराला बचावात २५ टक्क्यांचा लाभ मिळतो, हीदेखील जमेची बाजू होती. तिघांनी टेकडीचा कौल दिला. मित्राने खाणीबद्दलचा आक्षेप मागे घेतला नाही, तो तसाच नोंदवून ठेवायला सांगितला, आणि लगेच वर्करांचे नवे वेळापत्रक मांडायला बसला. एका वर्करने पूर्वेचा उरलेला रस्ता पुरा करायचा, कारण तो आज ना उद्या लागणारच होता. दुसऱ्याने परत फिरून उत्तरेच्या वाटेवरचे जंगल तोडायचे. निळा ठिपका तांब्याच्या शहराच्या फार जवळ येत असल्याने दोन घरे सरकवावा लागला, आणि तो सरकताच त्याच्या हद्दीतली एक चांगली टाइल सुटली. त्या टाइलची हळहळ त्याला शेवटपर्यंत होती.

अठ्ठेचाळिसाव्या टर्नला मी टेकडीवर शहर वसवले. आमच्या डावाचा एक नियम असा होता की दोन खेळाडू एकाच जागेसाठी धावत असतील तर टर्नमधला खेळण्याचा क्रम बदलायचा नाही, म्हणजे टर्नच्या शेवटी खेळून लगेच पुढच्या टर्नच्या सुरुवातीला पुन्हा चाल करायची नाही. त्यामुळे आमच्याकडे घाई करण्याची पळवाट नव्हती आणि तशी घ्यावी असे कोणाच्या मनातही आले नाही. पन्नासाव्या टर्नला शेजाऱ्याचा सेटलर एका धनुर्धाऱ्यासह दोन टाइलवर दिसला. एक टर्न तो तिथेच थांबला आणि मग पश्चिमेकडे वळला.

देखभालीचा भार मित्राने सांगितला होता तसाच पडला. पुढचे पंधराएक टर्न संशोधन रेंगाळले आणि रायटिंगचे (लेखनकलेचे) संशोधन आमच्या अंदाजापेक्षा उशिरा पूर्ण झाले. तांबे मिळाले म्हणून त्याची चिंता चुकीची ठरत नाही, आणि हे त्याला त्या वेळी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे होते असे मला वाटते. मी ते बऱ्याच उशिरा सांगितले.

त्यानंतर आमच्या नकाशावर प्रत्येक ठिपक्याशेजारी तीन ओळी येऊ लागल्या: जागा का निवडली, काय घडले तर ती निवड मोडेल, आणि या जागेच्या भरवशावर कोणाचे कोणते काम चालू आहे. तिसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ठिपका हलवायला एक क्षण लागतो, पण त्याच्या भरवशावर कोणीतरी रात्री बसून वीस टर्नचे वेळापत्रक मांडलेले असते, आणि तो माणूस ठिपका हलवण्याआधी त्या चर्चेत असायला हवा. पुढे आलेल्या सिव्हिलायझेशन ६ मध्ये प्रत्येक सेटलर आधीच्यापेक्षा महाग होत जातो आणि डिस्ट्रिक्टच्या (शहराभोवतीच्या टाइलवर बांधायच्या विभागांच्या) जागा शेजारच्या टाइलवर अवलंबून असतात, त्यामुळे तिथे एका ठिपक्यावर अवलंबून असलेले काम याहूनही जास्त असते.

हिरव्या ठिपक्यावर शहर वसले ते सहासष्टाव्या टर्नला. आता ते मक्यासाठी नव्हते. नदीकाठच्या टाइलवर कॉटेज (उत्पन्न देणाऱ्या छोट्या वस्त्या) वाढवण्यासाठी होते, आणि रस्ता तिथे आधीच तयार होता. सेटलर त्या टाइलवर उभा असताना मी चाल थांबवली आणि नकाशा आखणाऱ्या मित्राला निरोप पाठवला. मुदत संपायच्या आत त्याने लॉग-इन केले, शहर स्वतः वसवले आणि त्याचे नावही त्यानेच ठेवले.