एकाच रसाची दोन लोखंडं

सकाळी पावणेआठला मशीन शॉपमधून फोन आला. "मॅडम, मटेरियल हार्ड लागालंय. तीन इन्सर्ट उडाले." इन्सर्ट म्हणजे मशीनच्या हत्यारातलं कापणारं टोक. कोल्हापुरात फाउंड्रीच्या लॅबमध्ये काम करायला लागून मला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मी धावत जाऊन स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट काढला. कार्बन ३.३, सिलिकॉन १.९ टक्के. सगळं जिथल्या तिथं.

मग आमच्या फोरमन काकांनी मशीनवर अडलेल्या त्या ओतीव ब्रॅकेटची पातळ बरगडी घणानं फोडली आणि तुकडा माझ्या हातात ठेवला. मधला जाड भाग राखाडी, कड चांदीसारखी पांढरी. "चिल लागलाय," एवढंच म्हणाले. चिल म्हणजे झटकन गार झाल्यानं लोखंड पांढरं आणि कठीण होणं.

हीट (भट्टीतला घाणा) तीच, लॅडल (ओतायचं भांडं) तोच, वितळलेल्या लोखंडाचा रसही तोच. जाड भागाला थिजायला वेळ मिळाला, म्हणून तिथला कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांत बसला. पातळ कडेची उष्णता वाळूनं झटक्यात ओढून घेतली. तिथं ग्राफाइटची वाढ व्हायला सवडच मिळाली नाही, आणि कार्बन लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट हे कठीण, ठिसूळ संयुग झालं. शुद्ध लोह-कार्बन मिश्रणात या दोन वाटांच्या तापमानांत फरक असतो फक्त सहा-सात अंशांचा! रस तेवढा खाली घसरला की वाट बदलू शकते. आमची राखाडी बाजू २०० ब्रिनेलच्या (कठीणपणाचं माप) आसपास होती, पांढरी ४०० च्या वर.

चूक सापडली ती शेवटच्या बॉक्सांत, म्हणजे शेवटी ओतलेल्या साच्यांत. इनॉक्युलंट (ग्राफाइट तयार व्हायला मदत करणारी पूड) टाकल्यावर लॅडल बराच वेळ थांबला होता. त्याचा असर उतरला आणि रसही गार झाला. तेव्हापासून ओतायच्या आधी वेज, म्हणजे पाचरीच्या आकाराचा नमुना, ओतून फोडायचा आणि पांढरं टोक किती आलं ते मोजायचं, यात मी कुणालाही सूट देत नाही.

पण चिल म्हणजे दोषच, असं मानू नका. इंजिनातल्या कॅमशाफ्टच्या लोबपाशी, म्हणजे दांड्यावरच्या उंचवट्यापाशी, साच्यात मुद्दाम उष्णता ओढणारा लोखंडी तुकडा बसवतात; त्यालाही चिलच म्हणतात. लोबचा पृष्ठभाग पांढरा आणि झिजेला चिवट होतो, आतला दांडा राखाडी राहतो, त्यामुळं मशीनिंगला त्रास देत नाही.

आणि झटकन थिजलं की ठिसूळच होतं, हेही खरं नाही. ॲल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये उलट घडतं. वाळूऐवजी धातूच्या डायमध्ये ओतलं की डेंड्राइटच्या, म्हणजे झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकांच्या, फांद्या जवळजवळ येतात, सिलिकॉनचे कण बारीक होतात, लोहाच्या घातक सुया आखूड राहतात. ताकद वाढते, आणि तुटण्याआधीचं ताणलं जाणंही वाढतं. ही गोष्ट मला अजूनही फार सुंदर वाटते.

झटकन थिजवण्याचं टोक गाठलं अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात पॉल दुवे आणि सहकाऱ्यांनी, १९६० मध्ये. सोनं आणि सिलिकॉनचं मिश्रण सेकंदाला लाखो अंशांच्या वेगानं थिजवलं, तर अणूंना ओळीत उभं राहायलाही वेळ मिळाला नाही. स्फटिकच नाही, धातूची काच! आज फिरत्या तांब्याच्या चाकावर रस सोडून लोह-सिलिकॉन-बोरॉनची फीत काढतात, जाडी सुमारे २५ मायक्रॉन. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरमध्ये ती वापरतात. दाणेच नाहीत, त्यामुळं दाण्यांच्या सीमाही नाहीत. स्फटिकांत अणूंचे थर जसे एकमेकांवरून सहज घसरतात तसे इथं घसरत नाहीत, म्हणून ती विलक्षण कठीण आणि ताकदवान असते. कापायला मात्र चिवट, आणि चुंबकीय गुणांसाठी तापवून घेतली की ठिसूळ होते.

त्या ब्रॅकेटचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. नवीन मुलगा लॅबमध्ये रुजू झाला की आधी तो त्याच्या हातात देते, रिपोर्ट नंतर.