तुम्ही विचारलंत म्हणून: डेअरीचं विरजण का फसतं?

मिरजेच्या मामी भेटल्या की प्रश्न ठरलेला. "एवढी मशिनं हाईत, तरी तुमचं दही कसं रे फसतंय? माझ्या पातेल्यात कधी फसलंय का?" मी सांगली जिल्ह्यातल्या एका डेअरीत श्रीखंडाच्या चक्क्यासाठी लागणारं कल्चर, म्हणजे विरजण, सांभाळतो. लग्नात, एसटीत कुणी ना कुणी हेच विचारतं.

पहिल्यांदा फसलं ती रात्र अजून आठवते. ३० अंशांवर दूध, त्यात कल्चर घातलेलं. दूध आंबट होईल तसा त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, उतरतो; तो उतरत उतरत ५.६ वर आला आणि तिथेच अडकला. सकाळपर्यंत ४.६ व्हायला हवा होता. पळी घातली तर दूध पातळच, आंबट वासही नाही. दुधात अँटिबायोटिक असेल म्हणून तपासलं, तसं काही नव्हतं. मग तेच दूध बारीक फिल्टरमधून गाळून आमच्या जिवाणूंबरोबर प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीत, लावलं. दुसऱ्या दिवशी प्लेट खिडकीच्या उजेडात धरली. जिवाणूंच्या दुधाळ थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ गोल ठिपके! तेवढ्या जागेतले जिवाणू फुटून गेले होते.

हे काम फेजचं, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूचं. दही लावणाऱ्या लॅक्टोकॉकस जिवाणूवर सगळ्यात जास्त धाड घालतो तो स्कुनाव्हायरस. डोकं सुमारे ५० नॅनोमीटर, शेपूट त्याच्या दुपटीहून लांब. शेपटीच्या टोकाने तो जिवाणूच्या अंगावरची शर्करा ओळखतो. तिथे घट्ट बसायला बऱ्याच जणांना कॅल्शियम लागतं, आणि दुधात त्याला काय तोटा! एकदा आपला डीएनए आत सोडला की तासाभरात जिवाणू फुटतो आणि डझनावारी नवे फेज बाहेर पडतात. माणसाला मात्र ते काही करत नाहीत, दही खाऊन कुणी आजारी पडत नाही. न्यूझीलंडमध्ये चीजच्या विरजणात फेज सापडल्याला १९३५ पासूनचा इतिहास आहे, तेव्हा हे दुखणं आमच्या एकट्याचं नाही.

मग मामींचं पातेलं कसं वाचतं? त्यांच्या विरजणात नाना तऱ्हेचे जिवाणू नांदतात. फेज फार चोखंदळ, ठरावीक वाणालाच लागतो. एक वाण गेला तर दुसरा दूध आंबवतो. आम्हाला रोज एकसारखी चव हवी, म्हणून आम्ही निवडक दोनचार वाण घेतो, आणि तिथेच सापडतो. पाश्चरायझेशनच्या ७२ अंशांतूनही बरेच फेज तगतात, आणि चक्क्याच्या निवळीत तर त्यांचा सुकाळ.

म्हणून आम्ही कल्चर आलटूनपालटून वापरतो: आजच्या वाणाला लागणारा फेज उद्याच्या वाणाला लागू नये असं बघून. निवळीकडे काम केलेला माणूस कपडे आणि बूट बदलल्याशिवाय कल्चरच्या खोलीत येत नाही. पोरं कुरकुरतात, पण यात मी सूट देत नाही. त्या रात्रीचं दूध गटारात जाताना मी उभा राहून बघितलंय. पहाटे चार वाजता उठून कुणीतरी त्याची धार काढली होती.