थॉमसचे डोळे: थरथर गेली, आता पापण्या घासतायत

मंडळी, 'थॉमस द टँक इंजिन' या मालिकेतल्या थॉमसचं १:३२ मापाचं (मूळच्या एक बत्तिसांश), डोळे हलवणारं मॉडेल बनवतोय, त्याची आधी बातमी: डोळे शांत झाले. मोटर फिरतेय, ब्लूटूथ जोडलेलं आहे, गाडी वळणावर आहे आणि तरी बुबुळं सांगितलेल्या जागी निमूट उभी आहेत. बॉयलर, बाजूच्या टाक्या आणि केबिन मागच्या वेळी होतं तिथंच आहे, म्हणून त्यावर आज काही नाही. सगळा मजकूर स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरच्या चेहऱ्यामागच्या भागाच्या, आतला.

'बाकी गाडी सोडून डोळ्यांमागे का लागलात' हा प्रश्न अधूनमधून येतो, त्याचं उत्तर एकदा देऊन टाकू. १९८४ साली ब्रिट ऑलक्रॉफ्ट यांनी मालिका पडद्यावर आणली आणि डेव्हिड मिटन यांनी दिग्दर्शन केलं, तेव्हा इंजिनांचे चेहरे हलतच नव्हते. मातीत घडवून रेझिनमध्ये ओतलेले वेगवेगळे चेहरे होते, रागाचा वेगळा, हसरा वेगळा, आणि शॉट बदलला की चेहरा बदलायचा. शॉट चालू असताना हलायचे ते फक्त रेडिओ कंट्रोलवरचे डोळे. बोलायचं काम निवेदकाचं, पहिल्या दोन पर्वांत रिंगो स्टार यांचं. म्हणजे इंजिन शेवटपर्यंत लोखंडाचं यंत्रच राहायचं आणि सगळा अभिनय दोन बुबुळांवर. २००८ च्या पर्वात खऱ्या मॉडेलवर संगणकावर केलेले हलते चेहरे बसवले, मग सगळंच संगणकावर गेलं आणि तोंडं बोलू लागली. ते लहान मुलांना आवडलं असेलही. पण आज मोठी झालेली माणसं गॅरेजमध्ये बसून जो थॉमस बनवतात तो बहुतेक वेळा जुनाच असतो, आणि कारण हेच, असं आमचं ठाम मत आहे. चेहरा स्थिर असला की उरलेलं बघणारा स्वतः भरतो. डोळा चुकीच्या वेळी एक अंश जरी थरथरला तरी ते सगळं मोडतं आणि समोर नुसतं बिघडलेलं खेळणं दिसतं.

चाकं केवढी हवीत हा वाद दोन ओळींत मिटवतो. थॉमसचं मूळ रूप एलबीएससीआर (लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे) या ब्रिटिश रेल्वेच्या ई२ वर्गातल्या इंजिनाचं. त्याची चाकं ४ फूट ६ इंचांची, म्हणजे १:३२ ला ४३ मि.मी. पण पडद्यावरचा थॉमस मार्कलिन या जर्मन कंपनीच्या गेज वन (१:३२) मॉडेलच्या, बीआर ८० या जर्मन इंजिनाच्या, चेसिसवर उभा होता. त्या इंजिनाची चाकं ११०० मि.मी., म्हणजे मॉडेलवर साधारण ३४ मि.मी. मालिकेचा थॉमस हवा असेल तर ३४ च. ४३ लावलीत की गाडी ई२ सारखी दिसते, थॉमससारखी नाही.

आता थरथर. एकाच लक्षणामागे तीन वेगळी दुखणी होती आणि म्हणूनच ती हाती लागत नव्हती. एकावर उपाय केला की बाकीची दोन तशीच राहायची आणि उपाय फुकट गेल्यासारखं वाटायचं. ती वेगळी करायची पद्धत सोपी आहे: आधी लिंक (सर्वोला डोळ्यांशी जोडणारी तार) काढून सर्वोचं (डोळे फिरवणाऱ्या, सांगितलेल्या कोनावर थांबणाऱ्या छोट्या मोटरचं) नुसतं हॉर्न, म्हणजे तिच्यावरचा दांडा, बघायचं. मग सर्वोला साधा सर्वो टेस्टर लावायचा. टेस्टरवर हॉर्न स्थिर आणि बोर्डवर हलतंय, तर सर्वो निर्दोष, दोष सिग्नलमध्ये. बोर्डवरही फक्त मोटर चालू केल्यावरच हलतंय, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा मोटरच्या गोंगाटात. हॉर्न सगळीकडे स्थिर आणि तरी डोळा हलतोय, तर ढिलाई लिंकमध्ये.

सिग्नलचं दुखणं आधी. आर्डुइनो नॅनो या कंट्रोल बोर्डवर सर्वोची नेहमीची लायब्ररी आणि ब्लूटूथसाठी सॉफ्टवेअर सीरियल ही जोडी बहुतेक सगळे वापरतात, आणि गोम तिथंच आहे. सॉफ्टवेअर सीरियल एक बाइट घेत असताना इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायची सोय) बंद ठेवतं. ९६०० बॉडला एक बाइट म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. सर्वोला कोन कळतो तो पल्सच्या लांबीवरून, आणि तिचा पूर्ण पल्लाच १ ते २ मिलिसेकंदांचा! म्हणजे फोनवरून प्रत्येक आज्ञा आली की पल्स वाटेल तेवढी लांबणार आणि डोळा झटका खाणार. नॅनोच ठेवायचा असेल तर ब्लूटूथ ० आणि १ या पिनांवरच्या हार्डवेअर सीरियलला जोडा. इथं बोर्डच बदलून ईएसपी३२ घेतला. त्याचा पीडब्ल्यूएम (पल्सची लांबी बदलून दिलेला सिग्नल) हार्डवेअरमधून निघतो. ५० हर्ट्झला १६ बिट ठेवले की एक पायरी ०.३ मायक्रोसेकंदाची, आणि इंटरप्टचा त्याच्याशी संबंधच नाही.

वीजपुरवठ्याचं दुखणं त्याहून सरळ. दोन लिथियम सेल, ७.४ व्होल्ट, आणि पुढे ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर, अशी मांडणी कुणाची असेल तर आजच काढून टाका. ७८०५ ला डोक्यावर साधारण २ व्होल्ट शिल्लक लागतात. सेल ३.४ पर्यंत उतरले की एकूण ६.८ व्होल्ट येतात, आणि नेमका सर्वो जोर लावतो तेव्हा ५ व्होल्ट कोसळतात. त्याऐवजी ३ अँपियरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा), सर्वोच्या अगदी जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि मोटरवर १०० नॅनोफॅरडचे तीन सिरॅमिक: एक दोन टोकांमध्ये, दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या अंगाला. मोटरचं अंग आधी घासा, नाहीतर टाका धरत नाही. मोटरच्या वायरींना एकमेकींभोवती पीळ देऊन त्या बॉयलरच्या डावीकडून आणि सर्वोच्या वायरी उजवीकडून नेल्यात. कपॅसिटर लॅमिंग्टन रोडवर जाऊन सुटे घ्यावेत. ऑनलाइन पाकिटांत छापलेलं मूल्य आणि मीटरवरचं मूल्य यांची गाठ पडेलच असं नाही. सर्वोचंही तेच. एका विक्रेत्याच्या 'मेटल गिअर' एमजी९०एसमध्ये पहिलं गिअर प्लॅस्टिकचं निघालं. वजन करून घ्या: खरा १३ ग्रॅमच्या पुढे भरतो.

तरीही एक बारीक कुई-कुई उरलीच. अ‍ॅनालॉग सर्वो जागा धरून ठेवताना डेड बँडच्या (जेवढी चूक तो दुरुस्त करत नाही त्या पट्ट्याच्या) कडेवर मागेपुढे चावत बसतो, त्याचा तो आवाज. यावरचा उपाय इतका साधा आहे की आधी कसा दिसला नाही याचं नवल वाटावं: डोळा जागेवर पोचल्यावर ३०० मिलिसेकंदांनी पल्स बंदच करायची. सिग्नल नसला की सर्वो झोपतो, आणि गिअरच्या घर्षणावर बुबुळ जिथल्या तिथं राहतं. ईएसपी३२ वर ड्यूटी, म्हणजे पल्सची लांबी, शून्य केली की बदल पुढच्या चक्रापासून लागू होतो, त्यामुळे अर्धवट पल्स जाऊन शेवटचा झटका बसत नाही. पुन्हा जागं करताना मात्र आधी जुनीच जागा पाठवायची आणि मग नवी. मालिकेतली इंजिनं तरी कुठं सारखी डोळे फिरवतात? एकदा बघतात आणि थांबतात. त्यामुळे सर्वो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, आवाज रेकॉर्ड करताना कुई-कुई येत नाही आणि बॅटरीही जास्त पुरते.

राहिली ढिलाई, आणि खरी मजा हिच्यातच आली. डोळ्याचा मणी १२ मि.मी.चा, पांढरा अ‍ॅक्रिलिकचा, पुण्यात बोहरी आळीत मिळतो (मोत्याची झाक असलेला नको, दिव्याखाली तो निळसर मारतो). मण्याचं मूळचं आरपार भोक उभं ठेवून त्यातून १.५ मि.मी.ची पितळी सळई घालायची, वर-खाली पितळी नळीचा तुकडा बुश म्हणून. मागून २ मि.मी.चं भोक, त्यात एम२ चा स्क्रू. हाच हात. बुबुळ रंगवायची युक्ती जपून ठेवा: तोच स्क्रू ड्रिलच्या चकमध्ये धरून मणी सावकाश फिरवायचा आणि काळ्या रंगाचा ब्रश नुसता टेकवायचा. बुबुळ अचूक गोल येतं आणि हाताच्या आसावरच येतं, त्यामुळे दोन्ही डोळे आपोआप एका दिशेला बघतात. तिरळा थॉमस होतो तो बहुतेक वेळा इथं चुकल्याने. व्यास ५ मि.मी. ठेवलाय. वर ग्लॉस व्हार्निशचा हात हवाच. चेहरा मॅट आणि डोळा चकचकीत असला की दिव्याचा ठिपका बुबुळावर बसतो आणि नजर जिवंत होते.

केंद्रापासून लिंकच्या पिनेपर्यंत हात ८ मि.मी. डोळा २० अंश वळायला पिन २.७ मि.मी. सरकायला हवी. (२५ च्या पुढे नेऊ नका, पांढरा भाग संपत येतो आणि चेहरा घाबरलेला दिसतो.) हॉर्नवर केंद्रापासून ८ मि.मी.वरचं भोक घेतलं तर सर्वोही २० च अंश फिरतो, आणि त्याचा डेड बँड जशाचा तसा डोळ्यात उतरतो. ४ मि.मी.वर नवं भोक पाडलं तर त्याच सरकण्याला सर्वो ४३ अंश फिरतो आणि चूक निम्म्याहून कमी होते. हॉर्नवरची तयार भोकं वापरू नका, ती तारेपेक्षा मोठी असतात. लिंकमध्ये ०.२ मि.मी. खेळ असला तरी ८ मि.मी.च्या हातावर तो दीड अंशाच्या जवळ जातो. बुबुळ ०.१५ मि.मी. सरकतं. ऐकायला काहीच नाही, पण क्लोजअपमध्ये लगेच कळतं.

भोकं कितीही घट्ट पाडली तरी पावसाळा-उन्हाळ्यात खेळ येतोच. म्हणून तो घालवायचा नाही, एका बाजूला दाबून धरायचा. दोन्ही हातांना जोडणाऱ्या पट्टीला गिटारच्या पहिल्या तारेची, ०.२३ मि.मी.ची, केसपिनसारखी वाकवलेली स्प्रिंग लावली. ती १०–१५ ग्रॅमने पट्टी सतत डावीकडे ओढते. सगळी ढिलाई एका अंगाला गेली आणि उलट दिशेला वळताना डोळा अडखळायचा तोही थांबला. बॉलपेनची स्प्रिंग लावून बघायचा मोह होईल. ती फार कडक आहे, सिग्नल बंद असताना सर्वोला हळूहळू मागे ढकलेल.

हालचालीचा वेग: मध्यापासून बाजूला ०.६ सेकंद, सुरुवात आणि शेवट हळू. सरळ एकसारख्या वेगाने फिरवलं तर सीसीटीव्ही कॅमेरा वळल्यासारखं दिसतं.

मूळ बेत होता सगळं सेकंदाला १२० फ्रेमवर टिपून २५ वर, म्हणजे संथ, दाखवायचा. १:३२ ला वजन खरं वाटायला वर्गमुळाच्या हिशोबाने १४१ फ्रेम येतात, १२० म्हणजे जवळच. हे लिहितानाच आकडे पुन्हा मांडले आणि बेत कोसळला. ४.८ पट संथ म्हणजे डोळ्याचे ०.६ सेकंद ०.१२५ मध्ये बसवायचे. मध्यापासून बाजूला एमजी९०एस कसाबसा पोचेल, पण या टोकापासून त्या टोकाला तेवढ्याच वेळात ८६ अंश जायचं तर सरासरीच सेकंदाला ६९० अंश लागते आणि सर्वोची धाव रिकाम्या हाताने ६००. गाडीचं तर विचारूच नका. ताशी ४० कि.मी. दाखवायला मॉडेल साध्या चित्रणात सेकंदाला ३५ सें.मी. पळायला हवं, ३४ मि.मी.च्या चाकावर त्याला २०० आरपीएमची एन२० (छोटी गिअर मोटर) पुरते. १२० फ्रेमला तीच गाडी १.६७ मीटरने पळवावी लागेल, म्हणजे ९३० आरपीएम. तेवढ्या वेगाच्या एन२० मध्ये डबे ओढण्याइतका जोर उरत नाही.

तेव्हा बदललेला बेत असा: संवादाचे शॉट साध्या वेगात, धावती गाडी ५० वर. त्यासाठी ५०० आरपीएमची मोटर घालून पीडब्ल्यूएमने खाली आणायची. १२० फक्त धूर, पाणी आणि अपघातांसाठी ठेवू, तिथं डोळ्यांना कुणी बघत नाही.

उरलं पापण्यांचं, म्हणजे चेहऱ्यातल्या डोळ्यांच्या भोकांच्या कडांचं, घासणं. चेहरा ५२ मि.मी.चा, जाडी २, डोळ्यांची भोकं ११ मि.मी. मणी भोकाच्या मागच्या धारेला टेकतो, आणि प्रत्येक चेहरा ओतल्यावर किंचित वेगळा आकसतो, म्हणून हसरा मोकळा फिरतो आणि रागावलेला अडतो. नुसतं भोक मोठं केलं तर फट दिसते. उपाय: एका फालतू मण्यावर पॉलिश पेपरच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या, ड्रिलमध्ये धरून भोकाच्या मागच्या बाजूने फिरवायचा. बरोबर मण्याच्या गोलाईची वाटी तयार होते आणि पेपरच्या जाडीएवढी फट आपोआप सुटते. हसऱ्यावर छान जमलं. चेहरा जागेवर धरायला ५×२ मि.मी.ची निओडिमियम चुंबकं आहेत, पण जागा नेमकी ठरवायला २ मि.मी.च्या दोन पितळी पिना वेगळ्या हव्यात, चुंबक एकटं चेहरा जरासा फिरू देतं.

रागावलेला नव्यानेच ओतायचाय, पण पाऊस थांबल्यावर. पॉलियुरेथेन रेझिन हवेतला ओलावा पितं आणि फेसाळतं. जुलैत ओतलेल्या गालांवर देवीचे व्रण उठतात. उघडलेली बाटली सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा. आणि मूळ चेहरा गंधक असलेल्या मॉडेलिंग क्लेमध्ये घडवला असेल तर साच्याला प्लॅटिनमवालं सिलिकॉन घेऊ नका, पृष्ठभागावर ते कायम चिकट राहतं. टिनवालं घ्या.

तोवर मालिकेतल्या दुसऱ्या इंजिनाचं, पर्सीचं, माप काढतोय. त्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसलेली असल्याने सर्वो स्मोकबॉक्समधून काढून वर टाकीत उभा ठेवता येईल आणि पट्टीपर्यंत ०.८ मि.मी.ची पियानो वायर न्यावी लागेल. वायर जिथं खाली वाकते तिथं टेफ्लॉनची नळी बसते का, ते आधी पुठ्ठ्यावर बघतो.