टॅलिलिनची गाडी झकास, पण शेवटच्या स्टेशनावर उतरताना विचार करा

वेल्समधल्या टॅलिलिन या वाफेच्या छोट्या रेल्वेला जाणार असाल तर आधी एवढं ऐका: नांट ग्वेर्नॉल या शेवटच्या स्टेशनावर दुपारनंतरच्या गाडीने जाऊन उतरू नका. एका प्रवासाच्या पानावर लिहिलं होतं, 'इथे उतरा आणि वीस मिनिटांत रमतगमत खालच्या गावात पोचा.' लिहिणारा त्या वाटेने कधी गेलेला नसावा. निदान पावसात तरी नक्कीच नाही.

नांट ग्वेर्नॉलला गाडीरस्ताच नाही. यायचं ते रेल्वेने, नाहीतर पायी. फलाटाच्या एका बाजूला डोंगराचा उभा कातळ, दुसऱ्या बाजूला झाडीत बुडालेली घळ. इंजिन सोडवतात, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडतात, तेवढा वेळ गाडी थांबते आणि मग खाली निघते. चहा नाही, संडास नाही. माझ्या फोनला रेंजही नव्हती. पूल ओलांडून ओढ्याकडेने वाट उतरते. ती सुंदर आहे हे मान्य, पण माझी नजर पायांवरून हललीच नाही. पायाखाली स्लेटच्या, म्हणजे आपल्या पाटीच्या दगडाच्या, ओल्या चपट्या कपच्या. एकीवर पाय ठेवला की तिच्या खालची सरकते. मधूनमधून झाडांची मुळं आणि त्यांवर साबणासारखं शेवाळ. माझ्या बुटांचे तळवे चांगले होते, तरी दोनदा बूड टेकलं. वीस मिनिटांच्या जागी पन्नास लागली.

पुढे आणखी एक गंमत. खालच्या गावाचं नाव अबरगनॉलविन, स्टेशनाचं नावही तेच, पण स्टेशन गावात नाही, चांगलं अर्धा मैल पुढे आहे, तेही चढावर. त्या पानावर याबद्दल अक्षर नाही. शेवटची गाडी पलीकडच्या उतारावरून वाफ सोडत गेली ती मी गावातून पाहिली.

मग टॅक्सी. बस दिवसातून मोजक्याच असतात आणि त्या वेळेला एकही नव्हती. रेल्वे जिथून सुटते त्या टाउइनहून आलेल्या टॅक्सीवाल्याने सात मैलांचे ४५ पौंड घेतले. का म्हणून विचारलं तर म्हणे, 'रिकामा यावं लागलं ना.' फोनवरच भाडं ठरवून घ्या. भिजलेला, चिखलाने माखलेला माणूस समोर दिसला की तिथलाही टॅक्सीवाला टॅक्सीवालाच असतो.

उतरायचंच असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीने, कोरड्या दिवशी, परतीच्या गाडीला किमान तीन तास हातात ठेवून. मग खाली गावात जाण्याऐवजी वर ब्रिन एग्लुइसच्या जुन्या खाणीकडे चढा. ही रेल्वे १८६५ साली बांधली ती याच खाणीची स्लेट टाउइनला न्यायला. वरून भरलेल्या वाघिणी उतारावरून दोरखंडाने खाली सोडायच्या. खाण १९४६ च्या डिसेंबरात आत कोसळली आणि कायमची बंद पडली. चढ खडा आहे, दम लागतो, पण त्या चढात काहीतरी पाहायला मिळतं.

आता गाडीबद्दल. ती मात्र शंभर नंबरी. टाउइन वॉर्फ ते नांट ग्वेर्नॉल सव्वासात मैल, वर जायला तासाभराच्या आतबाहेर. दोन रुळांमधलं अंतर २ फूट ३ इंच, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षा जेमतेम तीन इंच जास्त. डब्यात चढताना एक गोष्ट लक्षात येईल: दारं एकाच बाजूला उघडतात. १८६६ मध्ये सरकारी तपासनीस आला तेव्हा कळलं की पुलांखाली डब्यांच्या बाजूने पुरेशी जागाच सोडलेली नाही. पूल पाडण्यापेक्षा स्वस्त उपाय निघाला: रूळ एका अंगाला सरकवा आणि दुसऱ्या बाजूची दारं कायमची बंद करा. तेव्हापासून सगळे फलाट एकाच अंगाला आहेत. हा जुगाड दीडशे वर्षांहून जास्त काळ टिकलाय!

मालक सर हेन्री हेडन जोन्स १९५० मध्ये वारले तेव्हा ही रेल्वे भंगारातच जायची. त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला सभा भरली, स्वयंसेवकांची संस्था निघाली आणि १४ मे १९५१ ला त्यांनी पहिली गाडी सोडली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. त्या वर्षी चालतं इंजिन एकच, १८६६ सालचं 'डोलगॉख', आणि रूळ जागेवर धरून ठेवलेत ते स्लीपरांनी की गवताने असा प्रश्न पडावा अशी अवस्था. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांना मिळाली, आणि रुळांची रुंदी तीच असल्यामुळे ती सरळ इथे लावता आली.

आजही गार्ड, इंजिनात कोळसा घालणारे फायरमन, तिकीट देणारे बहुतेक बिनपगारी. पगारी माणसं आहेत, पण थोडी. आमच्या गाडीचा फायरमन एरवी शाळेत गणित शिकवतो. सुट्टी पडली की इथे येऊन कोळसा मारतो. वाटेतल्या डोलगॉख स्टेशनावर (इंजिनाचं नावही तेच) इंजिन पाणी घेतं तेव्हा उतरून पुढे जा. नळीचं तोंड टाकीत घालून तो एका हाताने झडप फिरवत होता, दुसऱ्या हाताच्या बोटांनी टाकीचा पत्रा चाचपत होता. पाणी जिथवर चढतं तिथवर पत्रा गार लागतो, त्यावरून त्याला अंदाज येतो. मी विचारलं तेव्हा मान वर न करता त्याने हे सांगितलं. काम चालू असताना फार प्रश्न विचारू नका. गाडी वेळेवर सोडणं हे इथे सगळ्यांनी फार मनावर घेतलंय.

उतरायला सगळ्यात चांगलं ठिकाण डोलगॉखच. तीन कमानींचा विटांचा उंच पूल आहे आणि धबधबा पाच-दहा मिनिटांवर. पुढची गाडी कधी, ते मात्र उतरायच्या आधी गार्डला विचारा. वेळापत्रक तारखेगणिक बदलतं आणि हिवाळ्यात बरेच दिवस गाडी नसतेच. डब्यांत संडास नाहीत, तेव्हा टाउइनलाच उरकून घ्या. येताना गाडी अबरगनॉलविनला चांगली थांबते, चहा तिथे प्या. उघड्या बाजूच्या डब्यात पांढरा शर्ट घालू नका, काजळी धुऊनही जात नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. वॉर्फवरचं नॅरोगेज संग्रहालय पाहिलं, समुद्रावर गेलो. छान गेला दिवस.

पोचण्याबद्दल एकच. बर्मिंगहॅमकडून येणाऱ्या गाडीचे मखन्लेथला दोन तुकडे होतात. एक अबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्याने पुल्हेलीकडे. टाउइन पुल्हेलीच्या तुकड्यावर आहे. डब्यावरची पाटी वाचा, वर गार्डलाही विचारा, आणि मगच बॅग वर ठेवा. चुकलात तर पुढची गाडी साधारण दोन तासांनी.