ॲडमिरल रामदास, बाबा आणि समुद्रातला धुरा

१५ मार्च २०२५, शनिवार. रात्री.

आज माजी नौदलप्रमुख ॲडमिरल रामदास यांना जाऊन वर्ष झालं. गेल्या वर्षी याच तारखेला हैदराबादेत ते गेले, वयाची नव्वदी पार करून. आमच्याकडं येणाऱ्या पेपरात बातमी आतल्या पानावर होती. बाबांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि कात्रण काढून ठेवायला लावलं. ते कात्रण पेन्शनच्या फाइलीत आहे, पीपीओच्या म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या मागं. जे हरवायला नको ते बाबा त्याच फाइलीत ठेवतात.

काल धुळवड होती, त्यामुळं आज गाव सुस्त होतं. हरभरा निघाला, गव्हाची कापणी लागली आहे, पण आज कोणी मजूर मिळाला नाही. दुपारी ओसरीत बाबांजवळ बसलो आणि तारीख सांगितली. त्यांनी लगेच ओळखलं. "आरमारातले साहेब ना?" बाबा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नौदलाला ते आजही आरमारच म्हणतात.

रामदासांचं काम काय होतं हे लिहून ठेवायला हवं, कारण आमच्या शाळेतल्या स्टाफरूममध्येसुद्धा हे नाव फार जणांना माहीत नाही. लक्ष्मीनारायण रामदास १९५३ मध्ये नौदलात अधिकारी झाले. १९७१ च्या युद्धात 'बियास' या युद्धनौकेचे कप्तान होते. बंगालच्या उपसागरात 'विक्रांत' या विमानवाहू नौकेबरोबर जो ताफा होता, त्यात ही नौका होती. पूर्व पाकिस्तानची समुद्राकडून कोंडी झाली, कुमक यायची आणि पळून जायची वाट बंद झाली, ती या ताफ्यामुळं. रामदासांना वीरचक्र मिळालं. पुढं नोव्हेंबर १९९० ते सप्टेंबर १९९३ ते नौदलप्रमुख होते. वैद्यकीय शाखेबाहेर महिलांना अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली, ती त्यांच्याच काळात.

इथपर्यंतची गोष्ट सांगितली की लोक माना डोलावतात. पुढची सांगितली की चुळबुळ सुरू होते.

निवृत्त झाल्यावर ते अलिबागजवळ भायमळा नावाच्या खेड्यात राहायला गेले, शेती करू लागले. आणि पत्नी ललिताताईंबरोबर त्यांनी एकच काम धरलं: भारत आणि पाकिस्तानातल्या साध्या माणसांची भेट घडवायची. १९९४ मध्ये दोन्ही देशांतल्या लोकांनी मिळून शांतता आणि लोकशाहीसाठी एक मंच सुरू केला होता. रामदास त्यात भारताच्या बाजूनं आघाडीवर राहिले. शिक्षक, पत्रकार, कामगार संघटनांची माणसं, निवृत्त फौजी, सगळे इकडून तिकडं आणि तिकडून इकडं. व्हिसा मिळाला तर. २००४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो एकट्याला नाही. पाकिस्तानातले ज्येष्ठ पत्रकार आय. ए. रहमान आणि रामदास, दोघांना मिळून. ती बातमी बाबांनी तेव्हा चावडीवर बसून वाचली आणि घरी येऊन मला म्हणाले, "आपल्यासारखाच इचार करणारा एक मोठा अफसर बी हाये गा." तेव्हापासून हे नाव आमच्या घरातलं झालं.

त्या आधीचं १९९८ चं वर्ष मला चांगलं आठवतं. ११ आणि १३ मेला पोखरणला अणुस्फोट झाले, तेव्हा आमच्या स्टँडवर गुलाल उधळला होता, पेढे वाटले होते. आम्ही पोरं नाचलो. मे महिना संपायच्या आत पाकिस्ताननंही चागाईला स्फोट केले आणि तिथंही लोक नाचले असणार. देशभर असा जल्लोष चालू असताना नौदलाचा माजी प्रमुख उभा राहून सांगत होता की हे चूक आहे, या अस्त्रानं कोणाचंही रक्षण होत नाही. २००० मध्ये अण्वस्त्रांच्या विरोधात देशभरातल्या संघटनांची आघाडी उभी राहिली, त्यातही ते होते. मला वाटतं, बियासवर उभं राहण्यापेक्षा हे अवघड होतं. बियासवर असताना सारा देश पाठीशी होता. इथं तेच लोक देशद्रोही म्हणायला तयार.

दारूगोळा म्हणजे काय हे आम्हाला या भागात कोणी वेगळं सांगायला नको. पुलगावचा लष्कराचा दारूगोळा डेपो आमच्या वर्धा जिल्ह्यातलाच. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर तिथं आग लागली. आमचं गाव तसं लांब, तरी खिडकीची तावदानं खणखणली. आगरगावचे लोक अंगावरच्या कपड्यानिशी, लेकरं काखेला मारून, मिळेल त्या वाहनानं बाहेर पडले. आग विझवायला आत गेलेले जवान आणि अग्निशमन दलाची माणसं, पंधरापेक्षा जास्त जीव त्या रात्री गेले. आम्ही सगळे अंगणात उभे होतो. कोणी भूकंप म्हणत होतं, कोणी विमान पडलं म्हणत होतं. बाबा उत्तरेकडं तोंड करून उभे होते. आवाज कशाचा ते त्यांना पहिल्या दणक्यालाच कळलं होतं. एवढंच बोलले, "हे तं साधे गोळे हायेत, बापू." पुढचं वाक्य त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण पोखरणच्या पेढ्यांची आठवण मला त्या रात्री पहिल्यांदा नकोशी झाली.

बाबांचं युद्ध बाबा सांगत नाहीत. १९७१ ला ते पूर्वेच्या आघाडीवर होते, एवढं आम्हाला माहीत आहे. गोळी चालवली का, कोणाला लागली का, हे मायनंही कधी विचारलं नाही. सांगतात ते युद्धानंतरचं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारतात आणले गेले. बाबांच्या तुकडीला जबलपूरला पहाऱ्याचं काम लागलं. (ढाक्यात शरण आलेले पाकिस्तानचे जनरल नियाझीही जबलपुरातच होते, पण बाबांनी त्यांना कधी पाहिलं नाही. गावात हे खरं वाटत नाही कोणाला.)

तारेच्या अलीकडं बाबा, वय विशीचं. पलीकडं मुलतानकडचा एक शेतकऱ्याचा पोरगा, तोही तेवढाच. पहारेकऱ्यानं कैद्याशी बोलायचं नाही असा हुकूम. पण रात्रीचे तास मोठे असतात. त्या पोरानं बराकीच्या कडेला वीतभर जागेत कोथिंबीर पेरली होती. बाबांनी दोन-तीन रात्री ती पाहिली आणि एकदा न राहवून म्हणाले, पाणी जास्त होतंय, जळेल. बोलणं तिथून सुरू झालं. तो विचारायचा, तुमच्याकडं काय पिकतं? बाबा म्हणाले, कापूस. तो म्हणाला, आमच्याकडंही कापूसच. मग किती दिवस तेच. त्यांच्याकडं कॅनॉलचं पाणी, आपल्याकडं सगळं आभाळावर. त्यांच्याकडं वेचणीला बायका मजुरीनं येतात, आपल्याकडंही. बोंडअळी दोन्हीकडं. सावकार दोन्हीकडं. एकदा त्यानं विचारलं की बोंड फुटल्यावर पाऊस आला तर तुम्ही काय करता. बाबा म्हणाले, रडतो. तो हसला आणि मग हसायचा थांबला, कारण त्या वर्षी घरचा कापूस कोणी वेचला असेल हे त्याला माहीत नव्हतं. बापाचं पत्र रेडक्रॉसमार्फत यायचं ते महिनोन्‌महिने आलं नव्हतं.

त्यांना घरी जायला १९७३ चा ऑगस्टमधला दिल्ली करार व्हावा लागला. शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये परतले. लढाई तेरा दिवसांची आणि वाट पाहणं दोन वर्षांवर. बाबा हे तेरा आणि दोन फार वेळा बोलून दाखवतात.

दर १६ डिसेंबरला आमच्या शाळेत त्यांचा सत्कार असतो. शाल, श्रीफळ, आणि 'दोन शब्द'. पोरांना आणि सरपंचांना ऐकायचं असतं की शत्रूला कसं लोळवलं. बाबा कापसाचं सांगतात. एका वर्षी आठवीतल्या एका पोट्ट्यानं उभं राहून विचारलं, "बाबाजी, मंग तो दुश्मन नव्हता का?" बाबा म्हणाले, "होता ना. डिसेंबरात होता." त्यावर कोणी टाळी वाजवली नाही. मला मात्र तेव्हा रामदास आठवले. शांततेचं बोलणारा माणूस दुबळा किंवा भोळा असतो, असं गावात ज्यांना वाटतं त्यांनी लढाई मोबाइलवर पाहिलेली असते. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात रोज संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराज १९६२ ला आणि १९६५ ला सीमेवर जवानांसमोर भजनं म्हणायला गेले होते, आणि जन्मभर गावागावांत भांडणं मिटवत फिरले. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं आमच्या आजोबांच्या पिढीला कधी वाटलं नाही. आम्हालाच का वाटायला लागलं?

बाबांनी स्वतःपुरतं काम शोधलं ते धुऱ्याचं, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाचं. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली आणि समितीचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं. बक्षिसाची वर्षं संपली, समित्या कागदावर उरल्या, बाबा मात्र अजून जातात. दोन सख्खे भाऊ, मधला धुरा, दरवर्षी नांगरताना एक जण एक सरी आत सरकतो, की कुऱ्हाडी निघतात. बाबांची पद्धत ठरलेली आहे. दोघांना वेगवेगळं भेटायचं, एकदा नाही, चार-पाच वेळा. मग दोघांना घेऊन धुऱ्यावरून शेवटपर्यंत चालत जायचं. बोलायचं नाही, फक्त चालायचं. परत येताना बोलायचं. किती वेळा तरी मिटलेलं पुन्हा उकरतं. बाबा पुन्हा जातात. उन्हाचं जाऊ नका म्हटलं तर म्हणतात, "ड्युटी हाये."

रामदासांबद्दल जितकं वाचलं त्यातून मला हेच दिसलं. कारगिल झालं, संसदेवरचा हल्ला झाला, मुंबई झाली, दर वेळी सगळं पुन्हा शून्यावर आलं आणि दर वेळी म्हातारा माणूस पुन्हा पत्रं लिहायला बसला. त्यांचं सगळंच मला पटलं असं नाही. ते आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले, २०१५ मध्ये पक्षानं त्यांना दूर केलं. पक्षाच्या भानगडीत त्यांनी पडायला नको होतं असं माझं मत आहे. असला माणूस कोणत्याच पक्षाच्या खुर्चीत मावत नाही.

आज दुपारी बाबांना मच्छीमारांचं वाचून दाखवलं. भारत आणि पाकिस्तान २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. यंदाच्या, २०२५ च्या १ जानेवारीच्या यादीत पाकिस्ताननं २१७ मच्छीमारांची नावं दिली, सगळे भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे. आपल्याकडं त्यांचे ८१. यात आपल्या पालघर-डहाणूकडचे खलाशीही असतात, गुजरातच्या बोटींवर मजुरीला गेलेले. मासळीच्या मागं बोट गेली, हद्द ओलांडली, की बोट जप्त आणि माणसं कराचीला. शिक्षा संपली तरी सुटका होईलच असं नाही, कारण माणूस कुठला हे दुसऱ्या देशानं कबूल करावं लागतं. रामदासांच्या मंचानं या लोकांच्या सुटकेची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. ज्यानं उभं आयुष्य त्याच समुद्राच्या राखणीत घातलं, त्यानं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "समुद्रात धुरा कोठी दिसते गा?"

मी सर क्रीकचं सांगायला लागलो, कच्छच्या रणाजवळच्या त्या खाडीत दोन देशांची रेघ अजून ठरलेलीच नाही म्हणून. त्यांनी हातानं थांबवलं. "दोनशे सतरा घरं झाली ते," म्हणाले. "वाट पाहून रायले असतीन."

सोमवारपासून सकाळची शाळा आहे. नववीच्या वर्गावर माझा पहिला तास. बाबांना म्हटलं, तुम्ही या आणि रामदासांबद्दल बोला. लगेच हो म्हणाले, पण अट घातली. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, तेव्हा नाव, साल सगळं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून पाहिजे. त्यांना एकही साल चुकवायचं नाही. जेवण झाल्यावर तेच करत बसलो होतो. नाव लिहिलं, जन्म ५ सप्टेंबर १९३३ लिहिला, बियास लिहिलं. मग अडलो आणि विचारलं, वीरचक्र वर घेऊ का मॅगसेसे? बाबा खाटेवरून म्हणाले, "एकाच ओळीत लिही ना. माणूस तं एकच हाये."

तसं लिहिलं. खाली रहमान साहेबांचं नाव त्यांनी आठवणीनं घालायला लावलं. शेवटी २१७ लिहिलं, ते पेन्सिलीनं. १ जुलैला नवी यादी आली की खोडून नवा आकडा घालायचा आहे.