सोमवारी फोन उचलला नाही तर रागावू नका

आज सोमवार, माझा सुट्टीचा दिवस, आणि सकाळीच आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका भाऊंचा फोन, पास्टर आत्ताच्या आत्ता घरी या, वाटणीवरून परत भांडण झालंय. म्हटलं, भाऊ, उद्या संध्याकाळी मी आणि कमिटीतले एक काका येतो, आज नाही. तर लगेच, "मग पाळक कशाला झालात?" मनाला लागलं, पण उत्तर बदललं नाही.

आपली माणसं सातपूर, सिडको, पार नाशिकरोडपर्यंत पसरलीयेत आणि प्रत्येक वेळी मीच धावत गेलो तर लोक देवाकडे कमी अन् माझ्याकडे जास्त बघायला लागतील, ही भीती मला खरंच वाटते. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात बघा ना, येशू पहाटे एकांतात प्रार्थनेला गेला, सगळे तुला शोधतायत म्हणत त्याचा शिष्य शिमोन मागे आला, तरी तो गर्दीकडे न परतता पुढच्या गावांना निघाला. जुन्या करारातल्या निर्गम पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सासरा इथ्रो पण मोशेला हेच सांगतो, एकट्याने करू नकोस, तूही थकशील आणि हे लोकही. (लोकही थकतात, हे आपण विसरतोच.)

कोणी सिव्हिलला अ‍ॅडमिट असेल, कोणाकडे मयत झाली असेल तर रात्री दोनलाही फोन करा, मी निघालोच समजा. उसने पैसे, भाऊबंदकी, घरातल्या कुरबुरी यासाठी मंगळवार ते शनिवार, वेळ ठरवून. आणि मंडळीतल्या बहिणी घरी एकट्या असतील तर माझी मिसेस सोबत येईल.