पुराची रेघ

शनिवार, माघ

सांगली सपाट आहे हे सायकलवाल्याचं भाग्यच. विश्रामबागेतून निघून गावभागात पोचेपर्यंत दम लागत नाही. तिथल्या बोळांत सायकल कुठल्याही भिंतीला टेकते, कुणाची वाट अडत नाही.

वाटेत मार्केट यार्डात डोकावले. नवी हळद यायला लागली आहे. एक हळकुंड मोडून बघितलं: वरून मळकट, आत गर्द केशरी. रंगांच्या ट्यूबमधल्या कुठल्याच पिवळ्यात तो रंग नाही. यलो ऑकरमध्ये बर्न्ट सिएनाचा टिपूस सोडला तर जवळपास जाता येतं, एवढंच.

चित्राचं खरं काम गावभागात. जुन्या घराची भिंत, चुन्याचे पोपडे, निळं दार आणि दाराच्याही वर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, पुराची तपकिरी रेघ. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५.

उंबऱ्यातल्या आजी बराच वेळ बघत होत्या.

"काय काढतियास गं?"

"तुमचं दार काढतेय, आजी."

"दार काढ. पर ती रेघ बी काढ. मुद्दाम ठेवलीया आम्ही, तिच्यावर रंग दिला न्हाई."

मी काढणारच होते. गावभागाचं चित्र म्हणजे कौलं, तुळस आणि कोवळं ऊन, असं काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. ही माणसं चिखल उपसून याच घरांत पुन्हा राहिली. ते भिंतीवर दिसत असताना चित्रातून गाळायचं कसं?

ती रेघ मी ब्रशने ओढत नाही. भिंतीचा वॉश, म्हणजे रंगाचा थर, भरपूर पाण्यात पातळ करून द्यायचा, बोर्ड जरासा कलता धरायचा आणि थांबायचं. वाळताना पाणी रंगाचे कण कडेला नेतं आणि तिथे आपोआप गडद काठ उमटतो. पुराचं पाणीही भिंतीवर गाळ असाच सोडून गेलं होतं. जलरंगात शिकवताना हा काठ टाळायला सांगतात. सांगलीत राहून मला तो टाळावासा वाटत नाही. फक्त सकाळी लवकर बसावं लागतं. ऊन चढलं की वॉश पसरायच्या आत सुकतो.

आजींनी चित्र हातात घेऊन रेघेवर बोट ठेवलं. "अजून वर हाय," म्हणाल्या. मी पुन्हा भिंतीकडे बघितलं, कागदावर दाराच्या मापाने अंतर मोजलं. रेघ जागेवरच होती. आजी मात्र ऐकेनात. त्यांना पाणी माडीच्या खिडकीतून दिसलं होतं.

पुढच्या शनिवारी हरिपूर. तिथे हळद पेवांत, म्हणजे जमिनीत खोदलेल्या कोठारांत, साठवायचे, आणि २००५च्या पुरात त्यातल्या कित्येक पेवांत पाणी शिरलं. शिल्लक असलेल्या एखाद्या पेवाचं तोंड बघायला मिळालं तर चिंचांच्या रस्त्याचं चित्र नंतर. बर्न्ट सिएना संपत आलाय, तो आधी आणायला हवा.